शुक्रवारनंतरचा सोमवार

(चित्रपटाचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर एका संकलकाने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रांनो, यशापयश कसं पचवायचं यावर बोला, असं मला सांगितलंय. मी संकलक. पोस्टरवर माझा चेहरा नसतो, त्यामुळे पिक्चर चालला काय नि पडला काय, रस्त्यात मला कुणी अडवत नाही. पण दिग्दर्शकाच्या शेजारी महिनोन्‌महिने अंधाऱ्या खोलीत बसल्यावर माणूस फार जवळून दिसतो. तिथे बसून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. अपयशाने पिक्चर बिघडलेला मी क्वचित पाहिला. आधीच्या यशाने बिघडलेले मात्र बरेच पाहिले.

एका दिग्दर्शकाचा पहिला पिक्चर मी कापत होतो. दर सीनला तो विचारायचा, "लांबतंय का?" चहा घेऊन येणाऱ्या मुलालाही थांबवून सीन दाखवायचा आणि तो कुठे चुळबुळतो ते बघायचा. पिक्चर धो धो चालला. दुसऱ्या पिक्चरच्या वेळी खोली तीच, खुर्ची तीच, पण त्याच्या मागे आता चार माणसं बसू लागली. नायिका नावेतून निघून जाते, असा ४० सेकंदांचा एक शॉट होता. १८ सेकंदांनंतर त्यात काहीच घडत नव्हतं. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे, थांबतील लोक." मागच्या चौघांनी माना डोलावल्या. मी पुन्हा तोंड उघडलं नाही. ती माझी चूक, आणि मला ती अजून बोचते.

पहिल्या शोला मी नेहमी थिएटरात मागे उभा राहतो. पडद्याकडे बघत नाही, डोक्यांकडे बघतो. नाव निघाली. थोड्याच वेळात एका मोबाइलचा उजेड दिसला, मग तीन, मग मधली अख्खी रांग. पिक्चर तीन दिवसांत उतरणीला लागला.

यश मिळालं की खरं बोलणारी माणसं आपोआप गळतात. त्यांना कुणी हाकलत नाही. तुमच्याशी वाद घालायचा त्यांना संकोच वाटायला लागतो, इतकंच. म्हणून ती माणसं जपायचं काम पिक्चर चालल्यावर करायचं, पडल्यावर नव्हे. पडल्यावर सगळेच खरं बोलतात, आणि तेव्हा ते ऐकवत नाही.

आता अपयश. आपल्या धंद्यात निकाल फार उशिरा लागतो. तुम्ही काम करून कित्येक महिने झालेले असतात आणि मग एका शुक्रवारी निकाल येतो. त्यात तुमचं काम असतं, तसंच शो किती मिळाले, जाहिरात किती झाली, समोर कुठला मोठा पिक्चर होता, हेही सगळं कालवलेलं असतं. त्यातलं आपलं किती, हे वेगळं काढता आलं पाहिजे.

१९५९ साली 'कागज़ के फूल' पडला. भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद पडद्यासाठीचा चित्रपट. गुरुदत्तांनी त्यात जीव ओतला होता. त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्यांनी पुन्हा आपलं नाव लावलं नाही. पुढच्याच वर्षी त्यांनीच निर्माण केलेला 'चौदहवीं का चाँद' तुफान चालला, दिग्दर्शक एम. सादिक. म्हणजे प्रेक्षक त्यांच्यावर रुसला नव्हता. आज तुम्ही 'कागज़ के फूल'मधला प्रकाश अभ्यासता. रिळं तीच आहेत, निकाल तेवढा बदलला. तो बघायला गुरुदत्त राहिले नाहीत. १९६४ मध्ये, अवघ्या ३९व्या वर्षी ते गेले. मला याचं आजही फार वाईट वाटतं.

नट-दिग्दर्शक भगवानदादांना १९५१च्या 'अलबेला'ने डोक्यावर घेतलं; नायकही तेच होते. पुढचे पिक्चर बुडाले. बंगला गेला, गाड्या गेल्या, दादरच्या चाळीत परत यावं लागलं. लोक ही गोष्ट हळहळ म्हणून सांगतात. पैशांपुरती ती हळहळ खरीच आहे, आणि म्हणून पहिला पिक्चर चालला की आधी वर्षभराचा घरखर्च बाजूला काढा, गाडी नंतर. पण दादा पुढे कितीतरी वर्षं छोट्या छोट्या भूमिका करत राहिले. मिळेल त्या कामात ती त्यांची ओळखीची नाचाची पावलं टाकत राहिले. ज्या सेटवर आपण नायक होतो, तिथेच गर्दीत उभं राहायचं, याला केवढी छाती लागते! मी या माणसाला हरलेला मानायला तयार नाही.

तो नावेचा शॉटवाला दिग्दर्शक. पिक्चर पडल्यावर तीन महिने त्याने कुणाचा फोन घेतला नाही. मग एका सोमवारी सकाळी माझ्याकडे आला, एकटाच. म्हणाला, "नाव लाव." मी तो शॉट लावला. आम्ही दोघांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. त्याने पुन्हा लावायला सांगितला, आणि या वेळी मध्येच हात वर केला. मी थांबवलं. आकडा १८वर होता.

तो काही बोलला नाही. उठला, दार उघडलं आणि चहावाल्या मुलाला आत बोलावलं.