डब्यातल्या धान्याचं वय

मंडळी, एप्रिल-मे उजाडला की लालबागपासून दहिसरपर्यंत आपल्या घरांत तेच विषय निघतात. वर्षाचा गहू भरला का, तांदूळ कुठून घेतला, मिरच्या डंकावर कधी न्यायच्या. त्यात भावाचं बोलणं फार होतं. मला आज धान्याच्या वयाबद्दल बोलायचं आहे. डब्यात गेल्यावर तांदूळ मुरतो, कडधान्य हट्टी होतं आणि पीठ बघता बघता खवट होतं. हे ध्यानात ठेवून भरलं, तर आपल्या दोन खोल्यांतही साठवण नीट होते.

आधी आपली हवा बघू. गहू-तांदूळ सुखरूप राहायला दाण्यातला ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत हवा. पावसाळ्यात मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. अशा हवेत उघडा राहिलेला गहू हळूहळू १५-१६ टक्के ओलावा ओढून घेतो. म्हणून ऊन द्यायचं ते मेमध्येच, आणि उन्हातला गहू गरम असताना कोठीत भरायचा नाही. तो निवला नाही, तर झाकणाला आतून वाफ धरते आणि वरचा थर ओला होतो. सोसायटीची गच्ची बंद असेल, तर सहा महिन्यांपुरताच गहू घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

आता किडे. अनेकांना वाटतं, डबा बंद ठेवला की पोरकिडे येणार नाहीत. ते बहुतेकदा धान्याबरोबरच घरात आलेले असतात. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवून टाकते. चाळून, पाखडून काही दिसत नाही. तीस अंश तापमान आणि दमट हवा मिळाली की महिन्याभरात नवी पिढी बाहेर पडते. कडधान्यातल्या भुंग्याचं मात्र दिसतं: मूग किंवा चवळी हातावर घेऊन उजेडात धरा, दाण्यावर चिकटलेले पांढरे ठिपके म्हणजे त्याची अंडी. एरंडेल चोळायची आपली जुनी रीत इथे खरोखर कामाची आहे. तेलाच्या पातळ थराखाली ती अंडी गुदमरतात. थोडकं असेल तर फ्रीझरमध्ये चार-पाच दिवस ठेवा. रव्यालाही हाच उपाय.

एक गोष्ट कळकळीने सांगते. पाऱ्याच्या गोळ्या धान्यात टाकू नका. आणि अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणूच नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, त्यावर उतारा नाही, आणि बंद फ्लॅटमध्ये तो माणसांचा जीव घेतो. किडलेलं पोतं फेकून द्यावं लागलं तरी चालेल.

तांदळाचं सोपं आहे. जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा होतो, म्हणून मसालेभाताला जुना. मोदकाच्या पिठीला चिकटपणा हवा, तिथे नवा. बाजरीचं पीठ स्निग्धांशामुळे लवकर कडू होतं, तेव्हा बाजरी साठवा, पीठ आठवड्यापुरतंच दळा.

कडधान्यावर मात्र मला थोडं थांबायचं आहे, कारण तिथे आपण उगाच कुकरला दोष देतो. वर्षभर उष्ण, दमट फळीवर राहिलेले छोले किंवा राजमा पाच शिट्ट्यांनंतरही दाताखाली कचकचतात. दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन साठवणीत बदलतं आणि शिजताना सहज विरघळत नाही. अशा जुन्या दाण्याला भिजवतानाच मीठ घाला, लिटरभर पाण्याला दोन चमचे, आणि रात्रभर ठेवून ते पाणी ओतून द्या. मिठातलं सोडियम पेक्टिन सैल करतं. सोड्यानेही मऊ होतं, पण चिमटीपलीकडे गेलात तर चव साबणासारखी लागते आणि ब जीवनसत्त्वही जातं. आंबट पदार्थ उलटं काम करतात. म्हणून वालाचं बिरडं असो की चवळीची आमटी, दाणा बोटाने दाबून बघा, पुरता दबला की मगच आमसूल टाका.