किक कुणाची होती?

(दृश्य: डोंबिवली पूर्व. रात्रीचे साडेअकरा. सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर एकाच खिडकीत उजेड.)

शनिवारची रात्र. या खिडकीतली ताई नर्स आहे. आठवडाभर नाइट केल्यामुळे सुट्टीच्या रात्रीही तिला झोप येत नाही. कानाला हेडफोन, शेजारी थर्मासमध्ये चहा आणि एक दोनशे पानी वही. तिकडे लालबागला आमचा टँक, म्हणजे खेळात पुढे उभा राहून मार अंगावर घेणारा गडी, पंख्याखाली बसलाय. खोलीत आई-वडील झोपलेले, म्हणून तो सगळं कुजबुजत बोलतो. एक जण मुलुंडला, एक कांदिवलीला, सगळ्यात लहान विरारला. डिस्कॉर्डवर, म्हणजे खेळताना एकमेकांशी बोलायच्या ॲपवर, एकेक नाव उजळतं आणि ऑनलाइन खेळायला बसलेल्या बारा जणांचा आकडा पुरा होतो.

"येतंय का ऐकू सगळ्यांना?" हा आवाज दादाचा. वय बेचाळीस, नोकरी बँकेत, आणि शनिवारी रात्री आमचा रेड लीडर.

आमचा म्हणतो, कारण या बारांत एक मी आहे.

ज्यांनी हे कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लोकलमध्ये चार पोरं मान खाली घालून बीजीएमआय खेळताना तुम्ही पाहिली असतील. तिथं चौघांतला एक मेला तरी उरलेले तिघं सामना काढू शकतात. रेडमध्ये, म्हणजे मोठ्या टोळीनं मिळून एका बलाढ्य शत्रूला, बॉसला, पाडायच्या खेळात असं सहसा चालत नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ 2004 मध्ये आला. त्यातल्या मोल्टन कोअर नावाच्या गुहेत चाळीस जणांनी मिळून उतरायचं असे. तिथला बॅरन गेडन हा बॉस मधूनच एखाद्या खेळाडूचाच बॉम्ब करायचा. अंगावर बॉम्ब आला की हातातलं सोडून त्यानं लांब पळायचं. त्याचं लक्ष नसेल तर शेजारी उभे असलेले सगळे भाजून निघायचे. आता सगळ्यात अवघड पातळीला बरोबर वीस जण लागतात, त्याखालच्या पातळ्यांना दहा ते तीस. माणसं कमी झाली, पण एकाच्या हातात बाकीच्यांचा जीव ही गोष्ट तशीच राहिली.

सगळे मेले की त्याला वाइप म्हणतात. पाटी पुसली, पुन्हा पहिल्यापासून.

ही फिल्म त्या वाइपनंतरच्या दहा-पंधरा सेकंदांची आहे.

(आवाज: पंख्याची घरघर, कुठंतरी कुत्रं भुंकतंय. कुणीच बोलत नाही.)

या शांततेत प्रत्येकजण मनात मागचा अर्धा मिनिट उलगडून बघत असतो. बहुतेक वेळा ज्याचं चुकलं त्याला ते ठाऊक असतं. मग दादा विचारतो, "काय झालं?" आणि उत्तरं येतात. "उशीर झाला." "राहून गेलं." "किक गेली नाही." "हुकलं."

ही वाक्यं जरा कान देऊन ऐका. यात माणूस कुठं आहे? आपल्या मराठीत ही फार मोठी सोय आहे. कप फुटतो, दूध उतू जातं, गाडी चुकते, पैसे खर्च होतात. करणारा कुणी नसतोच, सगळं आपोआप होतं. घरात ही सोय बरी असते, रोज कुणाला तरी बोल लावण्यापेक्षा बरी. पण बारा जण अंधारात एकमेकांचे चेहरे न बघता एका गोष्टीच्या मागे लागलेले असतात, तेव्हा "किक गेली नाही" या वाक्याचा कुणालाच उपयोग होत नाही. कुणाची गेली नाही? का गेली नाही?

आणि एक शब्द तर या सगळ्यांच्या वरचा. लॅग. म्हणजे नेट रखडल्यामुळे होणारा उशीर.

लॅग खोटा नसतो, हे मी आधीच सांगतो. आमचा सर्व्हर युरोपात आहे. आपण इथं बटण दाबतो, तो निरोप समुद्राखालच्या केबलमधून तिकडं जातो आणि उत्तर घेऊन येतो. यातल्या काही केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीला लागतात. लोक फिरायला येतात त्याच वाळूखालून. जानेवारी 2008 मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतभर इंटरनेट रखडलं होतं. सप्टेंबर 2025 मध्ये तांबड्या समुद्रात तुटल्या तेव्हा आमचं पिंगही, म्हणजे निरोपाच्या जाण्यायेण्याचा वेळ, चांगलंच वाढलं होतं. पण एरवी हा जाण्यायेण्याचा वेळ सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढा असतो. तेवढ्यानं चार सेकंदांची चूक होत नाही.

माझी चूक चार सेकंदांची होती.

(दृश्य: कळफलकावर बोटं. बाजूला उलटा ठेवलेला मोबाइल. तो उजळतो.)

आम्ही तेव्हा ज्या बॉसपाशी अडलो होतो, तो साधारण दर दहा सेकंदांनी एक मंत्र म्हणायला घ्यायचा. मंत्र पुरा झाला की बाराच्या बारा आडवे. तो मध्येच तोडायला जे बटण दाबायचं, त्याला आम्ही किक म्हणतो. किक एकदा वापरली की पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून दोघांनी पाळी लावलेली. पहिली मुलुंडवाल्याची, दुसरी माझी, परत त्याची, परत माझी. माझी किक पंधरा सेकंदांत तयार होत असे आणि पाळी वीस सेकंदांनी येत असे. हिशेब चोख होता.

रात्रीचा सव्वा वाजला होता. मोबाइल उजळला आणि मी मेसेज वाचला. काही महत्त्वाचा नव्हता, लग्नाचे फोटो होते. मान वर केली तोपर्यंत पडदा राखाडी झाला होता.

दादानं विचारलं, "दुसरी किक?"

मी म्हणालो, "लॅग आला रे."

एवढंच. कुणावर ढकललं नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. मला तेव्हा वाटलंही, यात कुणाचं काय गेलं?

दादानं माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला, आणि विश्वास ठेवणाऱ्या माणसानं जे करायचं तेच त्यानं केलं. माझ्या नेटचा भरवसा नाही म्हणून माझी किक काढून विरारच्या मुलाला दिली. तो एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला, आमच्यात येऊन त्याला तीनच आठवडे झालेले. खेळात त्याचं पात्र हंटर, म्हणजे शिकारी. हंटरची किक चोवीस सेकंदांत तयार होते आणि पाळी तर वीस सेकंदांची. म्हणजे त्यानं कितीही जीव तोडून खेळलं तरी दुसऱ्या फेरीला त्याचं बटण लागणारच नव्हतं. रात्री दीड वाजता हा हिशेब कुणीही केला नाही.

सहा वाइप झाले. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "सॉरी, सॉरी, माझ्यामुळे झालं, सॉरी दादा." सहाव्या वेळी त्याचा आवाज बारीक झाला होता. बटण दाबतोय पण लागत नाही, हे त्यानं सांगितलंच नाही. आपणच घाई करतोय असं त्याला वाटत होतं. त्याच्या सॉरीत माहिती नव्हती, आणि माझ्या लॅगमध्ये खोटी माहिती होती. या दोन्हींच्या मध्ये बारा जणांची रात्र गेली. मी गप्प बसून ऐकत होतो. आज हे सांगताना माझ्या अंगावर काटा येतो तो त्या गप्प बसण्यामुळे.

पुढचे दोन शनिवार तो आला नाही. परीक्षा आहे म्हणाला.

(दृश्य: पडद्यावर आकड्यांची लांबलचक यादी वर सरकते.)

ही यादी म्हणजे लॉग. कुणी कोणत्या क्षणाला काय केलं, कुणाला कशाचा मार लागला, सगळं खेळ लिहून ठेवतो. लोक म्हणतात, लॉग असताना कबुली कशाला? तो सांगतोच की सगळं. नाही सांगत. त्या रात्रीचा लॉग मी नंतर शंभरदा पाहिला. त्यात माझ्या नावापुढे चार सेकंद काहीच नाही. केबल तुटली की माणूस फोटो बघत बसला, लॉगला दोन्ही सारखंच दिसतं. कोण मेलं, कशानं मेलं ते लॉगमध्ये सापडतं. का, ते एकाच माणसाला माहीत असतं, आणि तो बोलला तरच बाकीच्यांना कळतं.

तिसऱ्या शनिवारच्या आधी मी त्याला फोन केला. सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी तेवढा वाईट खेळत नव्हतो?" मला यावर काय बोलावं ते सुचलं नाही. त्या रात्री डिस्कॉर्डवर सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. कुणी रागावेल या तयारीनं बसलो होतो. सगळ्यात आधी दादा बोलला. "किक वाटताना सेकंद मोजणं माझं काम होतं. मी मोजले नाहीत. ते माझं चुकलं."

त्याला हे बोलायची काही गरज नव्हती. सगळी चूक माझ्या माथी आरामात बसली असती.

ताईला यात नवल वाटलं नाही. तिच्या कामात चूक म्हणजे वाइप नसतो, तिथं परत पहिल्यापासून सुरू करता येत नाही. तिनं आम्हाला एमी एडमंडसन या संशोधक बाईंच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. तो 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयांच्या वॉर्डांत औषधं देताना होणाऱ्या चुका त्यांनी तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. चांगल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला, तिथली माणसं चुका बोलून दाखवत होती. बाकीच्या ठिकाणी चुका दबून राहत होत्या. "आमच्याकडे नवी पोरगी आली की मी तिला पहिल्या दिवशी माझी एक चूक सांगते," ताई म्हणते. कोणती, ते तिनं कॅमेऱ्यासमोर सांगितलं नाही. मीही आग्रह केला नाही.

जुन्या गिल्डमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटांत, चुकीला दंड असे. बॉस पडल्यावर मिळणाऱ्या लुटीच्या वाटणीसाठी प्रत्येकाचे गुण मांडलेले असत, आणि चुकला की गुण कापायचे. जिथं बोलण्याची किंमत द्यावी लागते तिथं माणूस लॅगच सांगणार. मला त्यात फक्त त्या माणसाचा दोष दिसत नाही.

(दृश्य: लालबाग. दुपार. चाळीच्या चौकात गोविंदांचा सराव. पहिला थर खांद्याला खांदा लावून गोल उभा आहे.)

आमचा कुजबुजणारा टँक इथं मात्र मोकळ्या आवाजात बोलतो. तो गोविंदा पथकात पहिल्या थराला असतो. गुरुपौर्णिमेला सराव सुरू झाला की दहीहंडीपर्यंत त्याच्या खांद्यावर वळ असतात. 2012 मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं ठाण्यात नऊ थर लावले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. 2025 मध्ये दहा थरही लागले. एवढं वजन ज्यांच्यावर येतं त्या खालच्या माणसांना, तो सांगतो, पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. खांदा सरकायला लागला की ओरडायचं. सरकल्यावर नाही, सरकायला लागल्यावर. "लाज वाटली म्हणून एकजण गप्प राहिला ना, तर वरचं पोर कुठं पडेल सांगता येत नाही. आणि ओरडला तर? थर उतरवतात. परत लावतात. त्याला कुणी काही बोलत नाही."

आमच्या रेडमध्ये हे त्याच्यामुळेच आलं. आता वाइप होईपर्यंत कुणी थांबत नाही. खेळ चालू असतानाच आवाज येतो, "मी चुकीच्या बाजूला गेलोय." "माझी किक नाही, कुणीतरी घ्या." दोन सेकंद आधी कळलं तरी ताईला खेळात आमच्यावर ढाल टाकता येते. बऱ्याचदा तेवढ्यावर निभावतं.

आणि दोन छोट्या सवयी. वाक्य 'मी'पासून सुरू करायचं. सॉरी एकदाच. त्यानंतर काय झालं ते सांगायचं, कारण पाचव्या सॉरीला बाकीचे अकरा जण त्या माणसाची समजूत काढायला लागतात आणि मूळ गोष्ट बाजूलाच राहते. ताई ते वहीत टिपते. तिच्या वहीत नाव, वेळ आणि कारण असतं. शेरा कधीच नसतो.

(दृश्य: पुन्हा रात्र. पडद्यावर बॉसची लाल पट्टी शेवटच्या टोकाला.)

त्या बॉसला आम्ही पाडलं ते पावसाळ्यातल्या एका शनिवारी, रात्री अडीच वाजता. तेव्हा किकच्या पाळीत तिघं होतो. मी, मुलुंडवाला आणि तिसरा विरारचा. बॉस कोसळला तसा बारा जणांनी एकदम आरडाओरडा केला. लालबागवाल्याच्या घरात दिवा लागल्याचं आणि आईनं विचारल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. स्क्रीनशॉट काढले, लूट वाटली. जिंकलेल्या रात्रीचा लॉग कुणी उघडत नाही.

आवाज खाली आल्यावर विरारचा बोलला.

"दादा, शेवटच्या फेरीत तिसरी किक मी हुकवली. मी लूट काय पडेल ते बघत होतो. ती यानं घेतली म्हणून वाचलो."

यानं म्हणजे मी. माझ्या ते लक्षातही नव्हतं.

दादानं विचारलं, "किती सेकंद होते मंत्राला?"

"अर्धा असेल."

"बरं. ताई, लिहिलंस?"

"लिहिलं," ताई म्हणाली, आणि वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.