गाडीतला रेडिओ कोणाचा?

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. तेवढा वेळ तर माझा घसा खाकरण्यात जातो.

गेल्या शनिवारी आमच्याकडे रेडिओवरून भांडण झालं. नैरोबीच्या थिका रोडवर गाड्या तुंबलेल्या, मी आपल्या आशियाई लोकांच्या ईस्ट एफएमवर लताबाई ऐकत होतो. १४ वर्षांच्या लेकीने बटण दाबून घेट्टो रेडिओ लावला. म्हटलं, "अगं, आपलं स्टेशन लाव." म्हणाली, "बाबा, ते तुमचं. मी नैरोबीची आहे." हिनेही तिचीच बाजू घेतली. घरात मी अल्पसंख्याकच.

आपण सात-पाचच्या प्रादेशिक बातम्यांवर दप्तर भरणारी पिढी. स्टेशन एकच, मग भांडायचं कशावरून? इथे केनियातही १९९६ मध्ये खासगी कॅपिटल एफएम येईपर्यंत सरकारी केबीसीचंच राज्य होतं. २००० मध्ये किकुयू जमातीच्या भाषेतलं कामेमे आलं, मग लुओ, कालेंजिन या जमातींच्या भाषांतली. खेड्यातल्या आजीला रेडिओवर आपली बोली ऐकून काय वाटलं असेल! मला तर हेवाच वाटायचा.

पुढे २००७ ची निवडणूक. ते दिवस तुम्हाला सांगायला नकोत. निकालानंतर जमातीजमातींत हिंसाचार झाला, अकराशेंहून जास्त माणसं गेली. याच बोलींतल्या काही स्टेशनांनी शेजाऱ्यांत विष कालवल्याचे आरोप झाले. कालेंजिन भाषेतल्या कास एफएमचे निवेदक जोशुआ अराप सांग यांच्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला चालला. पुरावा अपुरा म्हणून २०१६ मध्ये न्यायाधीशांनी तो थांबवला. तेव्हापासून 'आपल्या भाषेचं स्टेशन' म्हटलं की मला आनंदही होतो आणि पोटात गोळाही येतो.

लेकीचं घेट्टो रेडिओ शेंगमध्ये बोलतं. स्वाहिली, इंग्रजी, किकुयू, लुओ, सगळ्यांची नैरोबीच्या ईस्टलँड्स भागातल्या पोरांनी केलेली झणझणीत मिसळ. बोलणारा कुठल्या जमातीचा, ते पटकन कळत नाही. तिला तेच आवडत असावं. वर्गात तिला 'मुहिंदी', म्हणजे हिंदी माणूस, म्हणतात, शेंग बोलली की म्हणत नाहीत.

आणि आपण? २०१७ मध्ये सरकारने इथल्या आशियाई लोकांना केनियाची ४४वी जमात मानलं, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर किती झेंडे फडकले! पण आपली स्वाहिली अजून 'लेटा चाय' म्हणजे चहा आण, 'फुंगा म्लांगो' म्हणजे दार लाव, याच्या पुढे सरकत नाही. नुसते हुकूम. मागच्या रांगेतल्यांनी हसू नये, तुमचा अस्कारी, म्हणजे वॉचमन, माझ्या ओळखीचा आहे.

२०२७ ला पुन्हा निवडणूक आहे. पोरगी स्वतःला नैरोबीची म्हणते, पण वेळ आली तर नैरोबी तिला आपली म्हणेल का? हे मी तिच्याशी बोललेलो नाही. कसं बोलायचं, तेच सुचत नाही.

असो. समिती म्हणते, रेडिओवर आठवड्याला अर्धा तास मराठी मिळवू. जरूर मिळवा, वर्गणी माझी. पण त्यात शेंग घुसली तर दुसऱ्या दिवशी शुद्धलेखनाचे फोन मला करू नका. बोलायला कोण तयार आहे, ते कार्यवाहांना कळवा. मोठ्यांच्या नावांनी यादी भरली आहे. मुलांचं अजून एकही नाव नाही.