एका वेळी एक सेंटिमीटर

(मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, लॉनवरून जातो. मध्येच पात्याचा आवाज बदलतो.)

हा खरखरीत आवाज पातं मातीला लागल्याचा. मोअरचं एक चाक खळग्यात उतरलं, की पात्याची ती बाजू खाली जाते आणि शेजारचा उंचवटा सोलून निघतो. दर कापणीला त्याच जागी. पिवळा चट्टा पडतो म्हणून तिथे खत टाकलं जातं, पाणी वाढवलं जातं; पण गवताचं काही बिघडलेलं नसतं. खालची माती बसलेली असते. पाइपचा चर नीट न दाबता बुजवलेला असतो, तोडलेल्या झाडाचं खोड जमिनीत कुजलेलं असतं, नाहीतर ओल्या मातीवरून जड चाकं गेलेली असतात. भरलेला खळगा वर्षाच्या आत पुन्हा खचला, तर आधी गळकी पाइपलाइन शोधावी.

(दोन मीटरची सरळ फळी. खालून बोट सहज आरपार जातं.)

लॉन सपाट करण्याआधी खळगे मोजायला एवढी फळी पुरते. फळीखाली एक सेंटिमीटर फट असेल, तर एका थरात काम होतं. दोन-तीन सेंटिमीटर असेल, तर दोन किंवा तीन थर, आणि प्रत्येक थरातून गवत वर आल्याशिवाय पुढचा नाही. पाणसळीचा बुडबुडा मात्र मधोमध आणायचा नाही. घराच्या भिंतीपासून बाहेर मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार राहिलाच पाहिजे. नाहीतर लॉन सपाट होतं आणि पाणी भिंतीशी थांबतं.

(कुदळीच्या धारेने गवतात तीन काप.)

तीन सेंटिमीटरहून खोल खड्डा वरून बुजवायचा नाही. दोन टोकांना दोन काप, मधून त्यांना जोडणारा एक; मग पाच सेंटिमीटर जाडीची हिरवळ मुळांसकट सुटी करून दोन झडपांसारखी उघडायची. आत माती भरायची, धुमसाने थोडी थोडी दाबायची, झडपा मिटायच्या. भरलेली जागा भोवतालापेक्षा बोटभर उंच दिसते, ती तशीच ठेवायची. पाणी पडलं की बसते. उंचवट्यालाही हाच इलाज, फक्त आतली माती काढून घ्यायची.

(दाताळ्याखाली वाळलेल्या गवताचे पुंजके.)

या लॉनमध्ये टॉल फेस्क्यू हा गवताचा प्रकार आहे. तो थोंब्यांनी वाढतो, धावत नाही. जाड थराखाली गाडला गेला, की गुदमरून मरतो. हरळीसारखं पसरणारं गवत जरा जास्त माती सोसतं, बिनाबियाण्याचंही भरून निघतं. फेस्क्यू चार-पाच सेंटिमीटरपर्यंत कापून दाताळ्याने वाळका थर ओरबाडून काढला, की पात्यांमधून माती दिसू लागते. बी तिथे पडणार आहे. जमीन घट्ट असेल, तर पोकळ दातांच्या यंत्राने पाच ते आठ सेंटिमीटर खोल भोकं पाडावीत. बाहेर पडलेल्या मातीच्या कांड्या तिथेच वाळू द्याव्यात, दाताळ्याने फुटतात.

(काचेची बरणी. ढवळलेली माती हळूहळू खाली बसते.)

आता माती. बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, जोरात हलवून ठेवून द्यायचं. वाळू मिनिटाभरात तळाला जाते, पोयटा दोनेक तासांत, आणि चिकणमातीमुळे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असतं. लॉनखालची माती आणि आणलेली माती, दोन्हींच्या बरण्या शेजारी ठेवा. थर जितके सारखे, तितकं काम टिकाऊ. चिकण जमिनीवर नुसत्या वाळूचा थर दिला, तर पाणी दोन्हींच्या सांध्याशी अडतं आणि मुळं वरच घुटमळतात. वाळू टाका म्हणताना गोल्फच्या मैदानाचा दाखला नेहमी दिला जातो. तिथल्या अनेक ग्रीनखाली, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीखाली, ३० सेंटिमीटर वाळूच बांधून काढलेली असते, म्हणून वरून वाळू चालते.

भरायच्या मातीच्या चार भागांना चांगलं कुजलेलं कंपोस्ट एक भाग. अर्धकच्चं असेल, तर ते पुढे कुजून बसतं आणि खळगा परत येतो.

(चाळणीचा आवाज. निवेदन नाही.)

सहा मिलिमीटर जाळीची चाळण. वर उरलेले खडे आणि ढेकळं उद्या फळीखाली अडकून गवतावर रेघा ओढतात. माती ओली असेल तर जाळी बुजते, म्हणून वाफशावरची, मुठीत दाबली तर गोळा होणारी आणि बोटाने टोचताच फुटणारी माती घ्यावी. शंभर चौरस मीटरला सहा मिलिमीटर थर म्हणजे ०.६ घनमीटर, सैल माती बसते, म्हणून ०.७ धरावी. ८५ लिटरच्या हातगाडीच्या आठेक खेपा, वजनाने पाऊण टनाहून जास्त.

(फावड्याने उधळलेली माती. मग रुंद फळी ओढली जाते.)

ढीग एका जागी रिचवू नका. फावड्याने लहान लहान ढिगाऱ्यांत विखुरल्यावर फळी आधी उभी ओढायची, मग आडवी, मग तिरकी. फळी उंचवट्यावरून घसरते आणि माती आपोआप खळग्यात सोडते. शेवटी खराटा, म्हणजे दबलेली पाती उठतात. गवताचे शेंडे सगळीकडे मातीबाहेर दिसले, तर थर बरोबर. शेंडे बुडाले तिथली माती काढून घ्या, हळहळू नका. स्प्रिंकलरची तोंडं आणि झाडांच्या बुंध्यालगतची मुळं उघडीच राहिली पाहिजेत.

रोलरने लॉन सपाट होतं हा समज जुना आहे. ओल्या मातीवर जड रोलर फिरवला, की उंचवटा जवळपास तसाच राहतो आणि जमीन मात्र घट्ट होते. आत पाणी भरून जड करायचा हा रोलर इथे जवळजवळ रिकामा आहे, आणि फक्त बी दाबण्यापुरता येणार आहे.

(बी फोकण्याचं हातयंत्र.)

विरळ लॉनवर फेस्क्यूचं बी चौरस मीटरला १५ ते २० ग्रॅम. अर्धं उभं, अर्धं आडवं फोकायचं. एकाच दिशेने टाकलं तर उगवताना पट्टे दिसतात. बी मातीत कालवून टाकण्याची युक्ती फसवी, कारण अर्धं बी नको तितकं खोल जातं. वरून उलट्या दाताळ्याने हलकेच ओढलं, की सहा मिलिमीटरच्या आत झाकलं जातं. मातीचं तापमान १० ते १८ अंश असावं. हरळीचं बी असेल, तर माती २० अंशांच्या वर जाण्याची वाट पाहावी.

(बारीक तुषार. उगवती पाती.)

दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी, वरचा सेंटिमीटर सुकू न देता. रुजून एकदा सुकलेलं बी पुन्हा उगवत नाही. रायग्रास हे लॉनचं दुसरं गवत पाच ते दहा दिवसांत दिसतं, फेस्क्यूला एक ते दोन आठवडे लागतात. मग पाण्याच्या वेळा कमी आणि ओल खोल.

उगवणपूर्व तणनाशक या हंगामात नको, लॉनचं बीही त्यानेच मरतं.

(मोअर पुन्हा त्याच उंचवट्यावरून. आवाज एकसारखा.)

पाती आठ-नऊ सेंटिमीटर झाली, की पहिली कापणी: धारदार पातं, कोरडी माती, वरचा तिसरा हिस्साच. फळीखाली कोपऱ्यात अजून अर्धा सेंटिमीटर फट आहे. तिला पुढच्या हंगामात दुसरा थर.