सार्कॉइडोसिस: रक्तात पेशी कमी, फुफ्फुसात गर्दी

नमस्कार! आज थेट रिपोर्टपासून सुरुवात करू. समजा, सार्कॉइडोसिसच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या गाठी बहुधा फुफ्फुसात बनतात त्या आजाराच्या, एकाच रुग्णाचे हे दोन आकडे आहेत.

(पडद्यावर: दोन रिपोर्ट शेजारी शेजारी)

रक्तात लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, नेहमीपेक्षा कमी. फुफ्फुस सलाइनने धुऊन काढलेल्या नमुन्यात मात्र एकूण पेशींपैकी ४० टक्के लिम्फोसाइट, आणि धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसात तिथे साधारण १५ च्या आत असतात. मग प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणायची की जास्त झाली? सार्कॉइडोसिसमध्ये हा प्रश्नच चुकतो. सीडी४ पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, रक्तातून उठून फुफ्फुसात जमलेल्या असतात. त्यामुळे क्षयाची मांटू चाचणी या रुग्णांत बऱ्याचदा कोरी येते. ती निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाहीच, असं धरून चालू नका.

फुफ्फुसात काय घडतं ते बघू. वायुकोशातली मॅक्रोफेज, म्हणजे गिळून सफाई करणारी पेशी, एखादा बाहेरचा कण गिळते आणि त्याचा तुकडा सीडी४ पेशीला दाखवते. सीडी४ त्यावर इंटरफेरॉन-गॅमा हा रासायनिक संदेश सोडते. त्याने चेतलेली मॅक्रोफेज आयएल-१२ आणि टीएनएफ हे आणखी दोन संदेश सोडते, की आणखी सीडी४ हजर! हे चक्र थांबलं नाही की मॅक्रोफेज एकमेकींना चिकटतात, काही तर एकत्र होऊन महापेशी बनतात, भोवती लिम्फोसाइटचं कडं पडतं. हा झाला ग्रॅन्युलोमा. क्षयाच्या गाठीचा मध्यभाग बऱ्याचदा सडतो, इथे सहसा सडत नाही.

आता धुण्याचा नमुना, म्हणजे बीएएल. गोंधळ होतो तो इथेच. दुर्बीण एका छोट्या श्वासनलिकेत घट्ट बसवतात आणि एकूण १०० ते ३०० मिलिलिटर सलाइन तीन ते पाच हप्त्यांत सोडून परत ओढतात. सोडलेल्यातलं निदान ३० टक्के परत यायला हवं. त्याहून कमी आलं, तर त्या पेशी वायुकोशातल्या कमी आणि नळीतल्याच जास्त असू शकतात. रिपोर्टमध्ये एपिथेलियल, म्हणजे नळीच्या अस्तरातल्या, पेशी ५ टक्क्यांच्या वर दिसल्या तरी हीच शंका घ्या. टक्केवारी वाचण्याआधी या दोन ओळी वाचा. बहुतेक जण त्या सोडूनच देतात.

मग सीडी४ आणि सीडी८ (लिम्फोसाइटचा दुसरा प्रकार) यांचं गुणोत्तर. ३.५ च्या वर गेलं की सार्कॉइडोसिसच्या बाजूने चांगला पुरावा मिळतो. पण जवळपास निम्म्या रुग्णांत ते तिथवर पोचतच नाही, म्हणून कमी गुणोत्तराने आजार नाकारता येत नाही. वय वाढलं की निरोगी माणसातही ते चढतं. धूम्रपान करणाऱ्यांत मॅक्रोफेज इतक्या वाढतात की लिम्फोसाइटची टक्केवारी आपोआप खाली दिसते. आणि लिम्फोसाइट ५० च्या वर असतील, तर हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचाही, म्हणजे श्वासातून गेलेल्या कणांच्या ॲलर्जीसारख्या प्रतिक्रियेने होणाऱ्या फुफ्फुसाच्या दाहाचाही, विचार करायला हवा. एकट्या बीएएलवर निदान करू नये. सीटी स्कॅन, बहुतेक वेळा बायोप्सी, आणि क्षय व बुरशीचा तपास हे सगळं जोडून बघावं लागतं.

उपचार थोडक्यात सांगतो, कारण गरज पडलीच तर सुरुवात बहुधा स्टेरॉइडने होते आणि बऱ्याच जणांना औषधच लागत नाही. एक गोष्ट मात्र बघण्यासारखी आहे. इन्फ्लिक्सिमॅब आणि इटॅनरसेप्ट ही दोन्ही औषधं टीएनएफला अडवतात, तरी फुफ्फुसाच्या सार्कॉइडोसिसमध्ये इटॅनरसेप्टने निराशाच केली. इन्फ्लिक्सिमॅब पेशीच्या पृष्ठभागावरच्या टीएनएफलाही घट्ट धरतं, हे त्याचं एक संभाव्य कारण मानतात.

शेवटी ड जीवनसत्त्व, कारण इथे खरोखर नुकसान होतं. ग्रॅन्युलोमातल्या मॅक्रोफेज या जीवनसत्त्वाचं क्रियाशील रूप स्वतःच बनवतात. मूत्रपिंडात या कामावर पॅराथायरॉइड हार्मोनचा लगाम असतो, मॅक्रोफेज तो जुमानत नाहीत. म्हणून नेहमीच्या तपासणीतलं २५-हायड्रॉक्सी रूप कमी, तर १,२५-डायहायड्रॉक्सी रूप जास्त, असं चित्र दिसू शकतं. पहिलाच आकडा बघून मोठ्या डोसच्या गोळ्या सुरू केल्या, तर रक्तातलं कॅल्शियम चढतं: तहान, बद्धकोष्ठता, मूतखडा, पुढे मूत्रपिंडावर ताण. सार्कॉइडोसिसचा रुग्ण असेल, तर गोळी लिहून घेण्याआधी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची दोन्ही रूपं तपासायला सांगा.