लग्न लागलं, नोंद झाली का?

श्रोतेहो, नमस्कार.

तुळशीची लग्नं आटोपली की घरोघरी याद्या निघतात. बस्ता कुठे बांधायचा, केळवणं कुणाकुणाकडे, मानपानाच्या साड्या किती, पंगत बसवायची की बुफे ठेवायचा. या यादीत एक ओळ हमखास राहते, लग्नाच्या नोंदणीची. मी नगरपालिकेत विवाह नोंदणीच्या टेबलावर नोकरीची बरीच वर्षं काढली, तरी माझ्या सख्ख्या पुतण्याच्या लग्नाच्या यादीत ती ओळ मला स्वतःच्या हातानं लिहावी लागली. वरती भावजय म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला ऑफिसशिवाय दुसरं काही सुचत नाही का?"

आणि मग लग्नाला दीड-दोन वर्षं झाली की जोडपी धावत येतात. नवऱ्याला अमेरिकेत नोकरी लागलेली असते, बायकोच्या एच-फोर व्हिसासाठी लग्नाचा दाखला हवा असतो, आणि हवा असतो तो परवापर्यंत. "साहेब, तेवढं अर्जंट करून द्या ना." मी अर्जंट काय करणार? लग्न लावलेले भटजी आता दुसऱ्या गावी राहतात, साक्षीला उभे राहिले असते ते मामा दुबईला गेलेत, आणि पत्रिका? "होती हो एक, देवघरात ठेवली होती."

महाराष्ट्रात या कामासाठी 1998 चा कायदा आहे. त्याचं सरकारी नाव लांबलचक, महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम. लग्नापासून 90 दिवसांत नोंदणीचा अर्ज द्या, असं तो सांगतो. हे नव्या जमान्याचं खूळ आहे असं समजू नका. त्याआधी मुंबई राज्यानं 1953 मध्येच विवाह नोंदणीचा कायदा केला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना बजावलं की कुठल्याही धर्माचं लग्न असो, नोंदणी सक्तीची करा. त्या निकालाची तारीख 14 फेब्रुवारी 2006. न्यायमूर्तींनी दिवस मुद्दाम निवडला असेल असं नाही, पण आमच्या ऑफिसात त्यावर भरपूर विनोद झाले.

90 दिवस उलटले म्हणून दार बंद होत नाही. उशिराचं शुल्क भरून नोंद करता येते. माणूस बेजार होतो तो शुल्कानं नव्हे, माणसं गोळा करता करता. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की मांडव उतरायच्या आत अर्जावर सह्या उरका. सगळे नातेवाईक एका छताखाली असतात, भटजी दक्षिणेसाठी थांबलेले असतात, पत्रिकांचा गठ्ठा शिल्लक असतो. नंतर ऑफिसात फक्त हजर राहण्यापुरती माणसं जमवायची.

अर्ज म्हणजे विवाहाचं ज्ञापन, नमुना ड. खेड्यात तो ग्रामपंचायतीत द्यायचा, शहरात नगरपालिकेत किंवा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात. मात्र तुमचा पत्ता कोणत्या ऑफिसच्या हद्दीत येतो हे आधी विचारून घ्या. रस्त्याच्या अलीकडे एक वॉर्ड आणि पलीकडे दुसरा, असं शहरात सर्रास असतं. अर्जासोबत दोघांच्या वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, फोटो, लग्नपत्रिका, आणि तीन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह. आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाच्या हुकुमाची प्रमाणित प्रत, किंवा पहिल्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला. लग्न लावणाऱ्याचा रकाना वेगळा असतो. तिथे भटजी सही करतात, काझी करतात, बौद्ध पद्धतीचं लग्न असेल तर भंते किंवा बौद्धाचार्य करतात. सत्यशोधक पद्धतीनं लग्न झालं असेल तर ज्यांनी ते लावलं त्यांची सही. साक्षीदार मात्र लग्नाला हजर असलेलाच हवा. पार्किंगमध्ये भेटलेला मित्र आत आणून उभा करायचा, हे आम्हाला दोन प्रश्नांत कळतं. "जेवणात गोड काय होतं?" असं विचारलं की चेहराच सांगतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो नावात. नवरीमुलगी पेन हातात घेते आणि थबकते. मागून सासूबाई सांगतात, "नवीन नाव लिही गं." आई म्हणते, "अगं, आधारवर जुनंच आहे." या अर्जात मुलीचं लग्नाआधीचं नाव लागतं, जसं कागदपत्रांवर आहे तसं. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हा सर्वस्वी तिचा प्रश्न. कायदा सक्ती करत नाही. बदलायचंच असेल तर त्याचा मार्ग वेगळा, सरकारी राजपत्रातून जाणारा. नोंदणीच्या अर्जात नाव बदलून टाकायचा उद्योग केलात तर पुढे पासपोर्ट एका नावाचा आणि दाखला दुसऱ्याच बाईचा, अशी गत होते.

दुसरी गोम स्पेलिंगची. ज्ञानेश्वर हे नाव कुणी डी-एन-वाय नं सुरू करतं, कुणी जी नं. चौधरी तर जितकी घरं तितक्या तऱ्हांनी लिहितात. शिवाय आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळ्या रकान्यात, आधारवर शेवटी. परदेशातल्या अधिकाऱ्याला हे सगळं एकाच माणसाचं आहे हे पटवून देता देता नाकी नऊ येतात. त्यामुळे अर्ज भरताना पासपोर्ट समोर ठेवा आणि अक्षरन् अक्षर त्यावरून उतरवा. दाखला हातात पडला की खिडकीपाशीच उभं राहून वाचा, मराठीही आणि इंग्रजीही. त्याच दिवशी दाखवलेली चूक लवकर सुटते. वर्षानं घेऊन आलात तर प्रतिज्ञापत्र, पुरावे आणि खेटे.

तारीख बदलून मागणारेही येतात. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. लग्नाच्या दिवशी मुलीला अठरा पूर्ण नव्हती, किंवा मुलाला एकवीस. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याच्याकडेच जाऊन "तेवढी तारीख पुढची टाका" म्हणणं म्हणजे कमालच. पत्रिकेवर एक तारीख, अर्जात दुसरी, हे चालत नाही आणि चालूही नये.

आता एक गैरसमज. दाखला नसेल तर लग्नच बेकायदा ठरतं का? नाही. हिंदू विवाह कायद्याच्या आठव्या कलमात स्पष्ट म्हटलंय की नोंद नाही एवढ्यावरून लग्नाच्या वैधतेला बाध येत नाही. पण उलट बाजूही ऐका. विधी न करता नुसता दाखला काढला तर त्यानं हिंदू विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये सांगितलं. व्हिसाची घाई म्हणून "मुहूर्त डिसेंबरात आहे, दाखला आत्ता द्या" असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. त्यांच्यासाठी सरळ वाट आहे ती 1954 च्या विशेष विवाह कायद्याची.

लोक त्याला कोर्ट मॅरेज म्हणतात, पण त्यात कोर्ट कुठेच नसतं. विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात लग्न लागतं. दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेला असावा लागतो. आधी नोटीस द्यायची, ती ऑफिसच्या फलकावर लागते, 30 दिवस हरकतीसाठी जातात, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न करायचं. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. हरकत कशावर घेता येते? पहिला जोडीदार हयात आहे, वय कमी आहे, नात्यात निषिद्ध आहे, मानसिक स्थिती संमती देण्याजोगी नाही, अशा ठराविक कारणांवरच. "आम्हाला जात पसंत नाही" ही हरकत होत नाही, मग वडील कितीही मोठे पुढारी असोत. तीन साक्षीदार इथेही लागतात. एकदा सह्या झाल्या की तुम्ही कायद्यानं नवरा-बायको. मग डिसेंबरात हौसेनं अक्षता टाका, कोण अडवतंय!

सिंधुदुर्गातल्या श्रोत्यांचे सोयरे बऱ्याचदा गोव्यात असतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. तिथलं गणित निराळं आहे. पोर्तुगीज काळातली 1867 ची नागरी संहिता तिथे अजून चालते. दोघांनी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारपुढे लग्नाचा इरादा जाहीर करून पहिली सही करायची, मध्ये हरकतीसाठी साधारण पंधरवडा, मग दुसरी सही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्तेवर दोघांचा निम्मा-निम्मा हक्क. मुलीकडच्यांनी हे ऐकून ठेवावं, मुलाकडच्यांनी तर नक्कीच.

एजंटांबद्दल विचाराल तर गेटाबाहेर ते असतातच. फॉर्म भरून देण्याचे पैसे घेतात तोवर ठीक, "साक्षीदार आम्ही देतो" म्हणाले की उठून चालू लागा. खोटी साक्ष तुमच्या दाखल्यावर कायमची राहते. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली आहे. ती मुदत ऑफिसात फलकावर लावलेली असावी लागते. अर्ज दिला की पोच मागा. पोच नसेल तर अपील कशाच्या जोरावर करणार?

शेवटी जुन्या लग्नांविषयी. चाळीस वर्षांचा संसार झाला, नोंद नाही, आणि पतीच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पुरावा द्यायची वेळ आली, अशा बायका मी कितीतरी पाहिल्या. दोघंही हयात असताना नोंद करून घेणं त्या मानानं सोपं. लग्नाला हजर असलेली वडीलधारी माणसं, लग्नातला फोटो, पत्रिका नसेल तर प्रतिज्ञापत्र, यांवर काम होतं. आणि नोंद झालेली आहे पण दाखला हरवलाय, अशांनी नकलेसाठी अर्ज करावा. 1998 च्या कायद्याआधीची नोंद असेल तर ती दुय्यम निबंधकांकडे असण्याची शक्यता मोठी, तेव्हा आधी तिथे चौकशी करा. वही शोधताना वर्ष, नवऱ्याचं नाव आणि नवरीचं माहेरचं नाव विचारतात. आजीचं माहेरचं नाव घरात कुणाला आठवत नसेल, तर जाण्याआधी तिलाच विचारून कागदावर लिहून न्या.

नमस्कार.