टेबल एसक्यूएलचं, वाट की-व्हॅल्यूची
आज बोलायचंय ते एसक्यूएलने, म्हणजे डेटाबेसच्या प्रश्नभाषेने, बनवलेल्या टेबलात की-व्हॅल्यू एपीआयने, म्हणजे की (किल्ली) देऊन नोंद ठेवायच्या-काढायच्या वाटेने, कसं शिरायचं यावर. उदाहरण अपाचे इग्नाइट या अनेक सर्व्हरवर पसरणाऱ्या डेटाबेसच्या २.x मालिकेचं. नोड (त्यातला एकेक सर्व्हर), पार्टिशन (डेटाचा एकेक तुकडा) तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून थेट त्या रात्रीवर येतो.

एका गिऱ्हाइकाकडे मालवाहतुकीच्या नोंदींचं काम होतं. 'शिपमेंट' नावाचं टेबल 'क्रिएट टेबल'ने बनवलेलं. आमच्या जावा प्रोग्रॅमने त्या टेबलामागच्या कॅशमध्ये, म्हणजे नोंदी जिथे राहतात त्या साठ्यात, दहा नोंदी 'पुट' केल्या. एररचं नाव नाही. कॅशचा साइझ विचारला, दहा. एसक्यूएलने नोंदी मोजणारा 'सिलेक्ट काउंट' चालवला, शून्य. पुन्हा चालवला, पुन्हा शून्य! की देऊन 'गेट' केलं की नोंद मात्र खणखणीत हातात. शेजारी बसलेली टीममधली मुलगी म्हणाली, "सर, डेटा आहे पण आणि नाही पण." त्या रात्री कोणी हसलं नाही, तुम्ही हसलात तर चालेल. नेटवर्क तपासलं, बॅकअप प्रती तपासल्या. पहाटे चारला तिनेच सिस्टीम व्ह्यूमधली, म्हणजे इग्नाइट स्वतःबद्दल ठेवतं त्या माहितीतली, टेबलांची यादी उघडली. तिथे व्हॅल्यू टाइपचं, म्हणजे नोंदीच्या प्रकाराचं, नाव होतं 'एसक्यूएल_पब्लिक_शिपमेंट' आणि त्याला चिकटलेली यूयूआयडीची, म्हणजे आपोआप बनलेल्या ओळख-क्रमांकाची, भलीमोठी शेपटी. आमच्या जावा क्लासचं, म्हणजे नोंदीच्या साच्याचं, नाव निराळंच. पाच मिनिटांत सगळा उलगडा झाला.

मी याला वाड्याची उपमा देतो. एसक्यूएल हे पुढचं दार, की-व्हॅल्यू हे परसदार. कोठीची खोली एकच. पण पुढच्या दारी जी वही आहे, तिच्यात ठरलेल्या टाइपचाच माल चढतो. परसदाराने दुसऱ्या टाइपचा डबा ठेवलात तर तो कोठीत राहील, वहीत दिसणार नाही. टेबल बनवताना आम्ही टाइप सांगितलाच नव्हता, म्हणून इग्नाइटने स्वतः नाव पाडलं. म्हणून मी जिथे जाईन तिथे सांगतो: नावं टेबल जन्मतानाच द्या.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा भराभर. 'क्रिएट टेबल'च्या 'विथ'मध्ये कॅश नेम आणि व्हॅल्यू टाइप लिहा. प्रायमरी की, म्हणजे नोंद ओळखणारी की, एकाहून जास्त कॉलमची असेल तर की टाइपही लिहा. कॅश नेम दिलं नाहीत तर ते 'एसक्यूएल_पब्लिक_शिपमेंट' होतं, सगळी अक्षरं कॅपिटल. स्मॉलमध्ये मागाल तर कॅश मिळणारच नाही. क्लास हाताशी नसेल तर 'विथ कीप बायनरी' लावून बायनरी ऑब्जेक्ट, म्हणजे क्लासशिवाय वाचता येणारं नोंदीचं रूप, वाचा. आणि लक्षात ठेवा, प्रायमरी कीचा कॉलम व्हॅल्यूमध्ये शोधू नका, तो कीमध्ये असतो.

एकच नोंद हवी तर 'गेट' करा, विनंती थेट ती की ज्या नोडवर आहे तिथे जाते. जोडण्या, बेरजा एसक्यूएलकडे.

इग्नाइट ३ मध्ये टेबल हीच मूळ वस्तू आहे. रेकॉर्ड व्ह्यू (अख्खी नोंद एकत्र) आणि की-व्हॅल्यू व्ह्यू (की आणि व्हॅल्यू वेगळ्या) तिच्यावरूनच घ्यायचे, आणि स्कीमात, म्हणजे टेबलाच्या कॉलमांच्या रचनेत, न बसणारा क्लास दिलात तर एरर तिथल्या तिथे येते.